दोन मिनिटांच्या जामसाठीसुद्धा कुलूप लावायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चढावरचा बेल्ट कन्व्हेयर, त्याच्या वरच्या टोकाला च्यूट (माल खाली सोडणारी उतरती नळी), च्यूटमध्ये हवेवर चालणारं गेट आणि खाली स्क्रू कन्व्हेयर. एकेका शिफ्टमध्ये कितीतरी वेळा माल अडकतो. आजवर पुल-कॉर्ड (बेल्टच्या कडेची, ओढली की यंत्र थांबवणारी दोरी) ओढायची, ऑपरेटरला तिथे उभं करायचं, कव्हर काढून हाताने माल मोकळा करायचा आणि पुन्हा चालू, असं चालत आलं. आता नियम आलाय की दर वेळी एमसीसी रूममध्ये (मोटरचे स्विच-पॅनेल असतात त्या खोलीत) जाऊन पुरवठा तोडायचा आणि ज्याचा हात आत जाणार त्याने स्वतःचं कुलूप लावायचं. एमसीसी दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं जातात आणि प्रॉडक्शनवाले वैतागतात. पुल-कॉर्ड ओढलेली असताना आणि माणूस उभा असताना कुलपाची खरंच गरज आहे का, असं तुम्ही विचारताय.

हात, डोकं, पाय, शरीराचा कुठलाही भाग कव्हरच्या आत जाणार असेल तर गरज आहे. पण तुमची वीस मिनिटांची तक्रारही खरी आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पाळायला अवघड असलेला नियम रात्रपाळीत पाळला जात नाही, हे मेन्टेनन्समध्ये काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून बोलतो: आधी पुल-कॉर्ड का पुरत नाही ते, आणि मग ती वीस मिनिटं कमी कशी करायची ते.

पुल-कॉर्ड काय किंवा लाल इमर्जन्सी बटण काय, दोन्ही कंट्रोल सर्किटमध्ये असतात. ओढली की कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा जातो, कॉन्टॅक्टर सुटतो आणि मोटर थांबते. पण पॉवर कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलपर्यंत आलेलीच असते. मधे उरतं ते कॉन्टॅक्टचं तेवढं अंतर आणि 'आता कुणी काही करणार नाही' हा भरवसा. कॉन्टॅक्ट चिकटू शकतात. वायरिंगमध्ये फॉल्ट येऊन बटण निकामी होऊ शकतं. आणि सगळ्यात जास्त वेळा घडतं ते अगदी साधं असतं: बेल्टच्या दुसऱ्या टोकाचा माणूस पुल-कॉर्ड ट्रिप झालेली बघतो, सांडलेल्या मालाने ओढली गेली असेल असं समजतो आणि रिसेट करतो. त्याने काही वावगं केलेलं नसतं. तुम्ही आत आहात हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. त्यात पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) ऑटो मोडवर असेल तर वरच्या हॉपरची लेव्हल पडताच स्टार्टची कमांड येते. ती माणसाला विचारून येत नाही.

शेजारी उभा केलेला ऑपरेटर हा चांगला सहकारी असतो, पण तो आयसोलेशनची (ऊर्जेचा पुरवठा पूर्ण तोडून ठेवण्याची) जागा घेऊ शकत नाही. त्याला फोन येतो, कुणीतरी हाक मारतं, शिफ्ट बदलते. तुम्ही आत वाकून म्हणता "थांब जरा" आणि गोंगाटात त्याला ऐकू येतं "चालव जरा". यंत्र बंद असणं पुरेसं नाही. तुम्ही आत असेपर्यंत ते सुरू होऊच शकणार नाही, आणि ते पुन्हा सुरू होण्याचा अधिकार फक्त तुमच्या खिशातल्या किल्लीत आहे, अशी अवस्था हवी. कुलूप त्यासाठी. 'काम चालू आहे' एवढीच पाटी लटकवली तर ती सूचना झाली, अडथळा नाही. टॅगवर नाव, विभाग, तारीख, वेळ लिहायचीच, पण ती कुलपाच्या जोडीला.

आता ज्या भागाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्याकडे येतो. तुमच्या त्या एका कोपऱ्यात विजेखेरीज निदान तीन प्रकारची ऊर्जा आहे, आणि एमसीसीतलं कुलूप त्यातल्या एकीलाही हात लावत नाही.

आधी बेल्ट घ्या. चढावर माल भरलेला बेल्ट थांबतो तेव्हा सगळा माल त्याला मागे ओढत असतो. त्याला धरून ठेवतो तो होल्डबॅक (उलटं फिरणं अडवणारा भाग) किंवा ब्रेक. जाम काढताना कुणी कपलिंग खोललं, गिअरबॉक्सला हात घातला किंवा ब्रेक ढिला केला, तर मोटरचा पुरवठा कुलपात असतानाही बेल्ट उलटा धावतो. शिवाय च्यूटमध्ये अडकलेल्या तुकड्याने बेल्ट रोखला गेला असेल तर मोटर ट्रिप होईपर्यंत ओढत राहिलेली असते. तो ताण बेल्टमध्येच साठलेला असतो. तुकडा सुटला की बेल्ट झटका देऊन पुढे सरकतो, आणि नेमका त्याच क्षणी तुमचा हात तिथे असतो. टेक-अप (बेल्ट ताणून धरणारी रचना) वजनाचा असेल तर ते वजनही लटकलेलंच आहे. म्हणून बेल्टला हात लावायच्या आधी तो स्ट्रक्चरला क्लॅम्प करायचा, वजन आधार देऊन किंवा बांधून ठेवायचं, आणि तुकडा हाताने न ओढता लांब दांड्याच्या हुकने, बाजूला उभं राहून काढायचा.

मग गेट. याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ते लहान दिसतं. हिशोब करून बघा: १०० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बार हवेवर सुमारे ४,७०० न्यूटन जोर लावतो, म्हणजे जवळपास ४८० किलो वजनाइतका. हात कापायला यातला थोडासा भागही पुरेल. आणि इथे एक खोच आहे. व्हॉल्व्ह एका सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या चुंबक-कॉइलचा), स्प्रिंगने परत येणारा असेल, तर वीज गेली की स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता भाग) परत जातो आणि गेट हलतं. म्हणजे वर एमसीसीत तुम्ही कंट्रोल सप्लाय तोडलात, तर त्या तोडण्यानेच गेट सरकतं. त्या वेळी दुसरा कुणी आधीच च्यूटमध्ये हात घालून उभा असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आयसोलेशन पूर्ण होईपर्यंत कव्हर उघडायचं नाही, आणि गेटची हवा वेगळी तोडायची. हवा तोडायचा व्हॉल्व्ह असा हवा की तो बंद केल्यावर पुढच्या लाइनमधली हवा बाहेर सुटते आणि त्याला बंद स्थितीत कुलूप लागतं. साधा बॉल व्हॉल्व्ह पुरवठा थांबवतो, पण सिलिंडरमधली हवा तिथेच राहते. मधल्या स्थितीत सगळे पोर्ट बंद होणारा ५/३ (पाच पोर्ट, तीन स्थितींचा) व्हॉल्व्ह असेल, किंवा सिलिंडरवर पायलट चेक व्हॉल्व्ह (हवा आत अडवून धरणारे) बसवलेले असतील, तर लाइन रिकामी होऊनही पिस्टनच्या दोन्ही बाजूंना हवा कोंडलेली राहते. ती सिलिंडरपाशीच सोडावी लागते. आणि हवा सोडल्यावर गेट स्वतःच्या वजनाने पडणारं असेल तर हवा सोडण्याच्या आधी गेट अडवणारी पिन घालायची. काम संपल्यावर हवा परत देताना सगळ्यांना लांब उभं करा. रिकाम्या सिलिंडरमध्ये एका बाजूने हवा शिरली की पिस्टन आपटतो.

स्क्रू तसा साधा, पण जाम झालेल्या स्क्रूच्या शाफ्टमध्ये पीळ राहतो आणि माल सुटल्यावर तो उलट फिरू शकतो. चेन ड्राइव्ह असेल तर चेनच्या आणि स्प्रॉकेटच्या मधे बोट येणार नाही असे उभे राहा. ड्राइव्ह व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) असेल आणि कुणी टर्मिनलला हात लावणार असेल, तर पुरवठा तोडल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. ४१५ व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर डीसी बसला ५८० व्होल्टच्या वर दाब असतो. ड्राइव्हवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढं थांबायचं आणि त्यानंतरही मोजूनच हात लावायचा. ड्राइव्हच्या एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) इनपुटने मोटरचा टॉर्क जातो, वीज जात नाही. तेव्हा तेही आयसोलेशन नव्हे.

तुमच्याकडे हायड्रॉलिक नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. दुसरं कुणी हे वाचत असेल तर: अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) असलेल्या सिस्टिममध्ये पंप बंद झाला तरी प्रेशर राहतं, ते ड्रेन करून गेजवर शून्य बघायचं. उचललेला भाग तेलाच्या भरवशावर सोडायचा नाही, खाली ठोस आधार द्यायचा. आणि गळती हाताने चाचपायची नाही. सुईसारखी धार कातडीतून आत जाते, वरून जखम किरकोळ दिसते आणि तरीही ती तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते.

सगळ्या क्रमातला जो टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो तो तपासणीचा. कुलूप लागलं की लोकांना काम झालं असं वाटतं. पण कुलूप चुकीच्या स्विचला लागलेलं असू शकतं. दोन सारखे कन्व्हेयर, पॅनेलवर शेजारी शेजारी दोन स्विच, मधे कधीतरी मोटरची केबल बदलली आणि नाव बदलायचं राहिलं, एवढं त्यासाठी पुरे. म्हणून कुलूप लावल्यावर खाली येऊन त्याच यंत्राचं स्टार्ट बटण दाबून बघायचं. इथे एक सापळा आहे आणि तो मी नवीन मुलांना मुद्दाम दाखवतो. पुल-कॉर्ड ओढलेलीच ठेवून स्टार्ट दाबलं तर यंत्र सुरू होणार नाहीच, आणि तुम्हाला वाटेल की आयसोलेशन बरोबर आहे. तसंच सिलेक्टर रिमोटवर असेल, किंवा पुढचा स्क्रू चालू नसल्याने सिक्वेन्स इंटरलॉक अडवत असेल, तरीही यंत्र हलणार नाही. ती चाचणी काहीच सिद्ध करत नाही. सगळे लोक लांब करून पुल-कॉर्ड रिसेट करा, सिलेक्टर लोकलवर घ्या, मग स्टार्ट दाबा, आणि झाल्यावर सगळं पुन्हा ऑफला आणा. इंटरलॉक अडवत असेल तर बटणाच्या चाचणीवर विसंबू नका, इलेक्ट्रिशियनला मोटरच्या बाजूचे टर्मिनल मोजायला सांगा. मोजण्याचीही रीत आहे: मीटर आधी चालू पुरवठ्यावर लावून तो दाखवतोय याची खात्री, मग आपलं सर्किट, तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू पुरवठ्यावर. तारेजवळ नुसता धरायचा टेस्टर पेन या कामासाठी वापरू नये. हवेच्या बाबतीत गेज शून्यावर आणि गेट ढकलल्यावर पिनेपलीकडे हलत नाही, हे डोळ्यांनी बघायचं.

इथपर्यंतचा क्रम एका दमात सांगायचा तर: संबंधितांना कळवा, यंत्र नेहमीच्या स्टॉपने थांबवा, वीज आणि हवा तोडा, कुलूप आणि टॅग लावा, साठलेली ऊर्जा सोडा किंवा अडवा, सुरू करून बघा, आणि त्यानंतरच कव्हर. यंत्र आधी स्टॉपने थांबवायचं यालाही कारण आहे. लोडवर आयसोलेटर (पुरवठा तोडायचा स्विच) ओढला तर आर्क होऊ शकतो. हँडल फिरवताना पॅनेलच्या समोर न राहता बाजूला उभं राहा आणि तोंड वळवा.

कुलपाविषयी थोडं. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. तिघे काम करत असतील तर हास्प (एकाच जागी अनेक कुलपं लागणारी कडी) लावून तीन कुलपं. फिटर, हेल्पर, इलेक्ट्रिशियन सगळे. "सुपरवायझरचं एक आहे ना, पुरे" असं चालत नाही, कारण सुपरवायझरला वाटेल काम झालं आणि हेल्पर अजून च्यूटमध्येच असेल. तोडायच्या जागा जास्त असतील (तुमच्याकडे बेल्ट, स्क्रू, हवा अशा तीन आहेतच) तर त्या तीन कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत टाकायच्या आणि त्या पेटीला प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत पेटी उघडत नाही.

आता वीस मिनिटांकडे येतो. हे बऱ्याच अंशी तुमच्या जागेवर अवलंबून आहे, पण मी काम केलं त्या ठिकाणी हा वेळ बहुतेक वेळा जिना चढण्या-उतरण्यात आणि इलेक्ट्रिशियनची वाट बघण्यात जायचा, कुलूप लावण्यात नाही. उपाय म्हणजे कुलूप लावता येईल असा आयसोलेटर यंत्राच्या शेजारी, कव्हरवरून दिसेल असा बसवणं, आणि त्याच खांबावर हवेचा कुलपाचा व्हॉल्व्ह. खर्च आहे, पण रोजच्या जाममध्ये जाणारे तास मांडून दाखवले तर मॅनेजमेंटला पटतो. मोटर व्हीएफडीवर असेल आणि आयसोलेटर ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधे येत असेल, तर त्याचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट ड्राइव्हला जोडून घ्या, म्हणजे चालू लोडवर कुणी आयसोलेटर ओढला तरी ड्राइव्ह आधी थांबेल. आणि लोकल आयसोलेटर फक्त त्या मोटरची वीज तोडतो, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

हात आत न घालता जाम निघाला तर प्रश्नच उरत नाही. च्यूटला बाहेरून उघडणारी रॉडिंगची झडप, ज्यातून दांडा जाईल पण हात पोचणार नाही, एवढ्याने कितीतरी वेळा काम भागतं. तुकडा मोठा येत असेल तर आधी ग्रिझली (मोठे तुकडे अडवणारे गज) किंवा जाळी लावा. एकाच जागी रोज जाम होत असेल तर तो च्यूटच्या कोनाचा किंवा लायनरचा (आतल्या अस्तराचा) प्रश्न आहे, आणि तो सोडवल्यावर कुलपावरचा वादही आपोआप कमी होतो.

सवलत कुठे मिळते, हेही लोक विचारतात. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९१०.१४७ या १९८९ सालच्या नियमात छोट्या ॲडजस्टमेंटसाठी आणि टूल बदलण्यासाठी सवलत आहे. पण ते काम नेहमीचं, वारंवार होणारं आणि उत्पादनाचाच भाग असायला हवं, आणि त्याशिवाय तितकंच परिणामकारक दुसरं संरक्षण असायला हवं. पहिल्या तीन अटी सगळ्यांना पाठ असतात, शेवटची सोयीस्करपणे गळते. प्लगवर चालणारं यंत्र असेल आणि सॉकेटमधून काढलेला प्लग काम करणाऱ्याच्याच ताब्यात असेल तर तीही सूट त्यात आहे. तुमचं काम यातल्या कशातच बसत नाही, कारण कव्हर काढल्यावर दुसरं संरक्षण उरत नाही. तुमच्या इथला कायदा काय म्हणतो ते सेफ्टी ऑफिसरकडून लेखी घ्या, पण उत्तर फार वेगळं येईल असं मला वाटत नाही.

काही कामं यंत्र चालवल्याशिवाय होत नाहीत, जसं बेल्टचं ट्रॅकिंग (तो सरळ रेषेत धावेल असं करणं). त्यासाठी सगळे बाहेर, हत्यारं बाहेर, माणसं मोजून घ्यायची, गार्ड जागेवर, मग प्रत्येकाने आपलं कुलूप काढायचं, चालवून बघायचं, आणि पुन्हा आत जायचं असेल तर सगळा क्रम पहिल्यापासून. "एकदाच तर जॉग मारायचाय" (क्षणभर चालवून बघायचंय) म्हणत एकाने आत राहायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, हे कधीच नाही.

शिफ्ट बदलताना काम अर्धवट असेल तर येणाऱ्याने आधी आपलं कुलूप लावायचं, मग जाणाऱ्याने काढायचं, दोघांनी जागेवर उभं राहून. नुसत्या कागदावर किती विसंबता येतं याचा दाखला ६ जुलै १९८८ चा आहे. उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेल-प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह कामासाठी काढून जागेवर झाकण बसवलेलं होतं. चौकशीचा निष्कर्ष असा की रात्रपाळीला त्याची माहिती पोचली नाही, दुसरा पंप ट्रिप झाल्यावर त्यांनी हा सुरू करायला घेतला आणि त्या झाकणातून गळती झाली. १६७ माणसं गेली. परमिटची, म्हणजे लेखी काम-परवान्याची, पद्धत तिथेही होती.

आणि कुणी कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर लगेच कटर आणायचा नाही. तो माणूस आवारात नाही याची आधी खात्री, मग त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न, मग अधिकृत व्यक्तीने स्वतः यंत्र बघून, लेखी नोंद करून कुलूप काढायचं, आणि तो परत कामावर यायच्या आधी त्याला हे सांगायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो आपलं कुलूप आहे असं समजून सरळ आत हात घालेल.

तुमचा टेक-अप वजनाचा आहे की स्क्रूचा, आणि गेटचा व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आहे, हे कळवलंत तर पिन कुठे घालायची आणि हवा कुठून सोडायची ते नेमकं सांगता येईल. व्हॉल्व्हच्या अंगावर चिन्ह छापलेलं असतं, त्याचा फोटो काढलात तरी पुरे. पण फोटो काढायला जाताना कव्हर बंद ठेवा.